डी५६०० साठी पुढची लेन्स कोणती घ्यावी: कासची फुले, माळावरचे पक्षी की घरची लग्ने?

कारवी (सातारा)

नमस्कार. माझ्याकडे निकॉन डी५६०० हा कॅमेरा आहे आणि त्याच्यासोबत आलेल्या १८-५५ आणि ७०-३०० मिलिमीटरच्या दोन एएफ-पी लेन्स आहेत. छायाचित्रणाचे जे काही शिक्षण झाले ते याच साहित्यावर झाले. आता लेन्ससाठी साठ हजार रुपये बाजूला काढले आहेत. एवढी रक्कम पुन्हा लवकर हाती येणार नसल्यामुळे जाणत्यांना विचारूनच ती खर्च करावी, असे वाटते.

माझे विषय सांगते. साताऱ्यात राहत असल्याने पावसाळा संपता संपता कास पठारावर जाणे होते आणि तिथे सीतेची आसवे, दवबिंदू यांसारख्या अगदी लहान वनस्पती टिपण्याची ओढ आहे. हिवाळ्यात भिगवण, मायणी आणि सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य इथे पक्ष्यांसाठी जाते. वर्षभर अधूनमधून गडकिल्ले असतातच. शिवाय नात्यातल्या लग्नांत छायाचित्रे काढण्याची जबाबदारी आता माझ्यावरच येऊ लागली आहे, आणि अलीकडे ओळखीच्या दोन कुटुंबांनी मानधन देऊन काम करण्याविषयी विचारले आहे.

अडचण प्रत्येक ठिकाणी वेगळी आहे. कासला फूल चौकटीत फार लहान राहते, भिगवणला पक्षी लांब राहतो आणि कार्यालयात उजेड कमी पडून चित्र दाणेदार होते. चौथी एक शंका अशी की, २०१८ पासून कंपनीचा सगळा भर मिररलेस कॅमेऱ्यांवर आणि त्यांच्या झेड माउंटवर (लेन्स जिथे बसते त्या कडीवर) आहे. अशा वेळी जुन्या एफ माउंटच्या लेन्समध्ये पैसे घालणे शहाणपणाचे ठरेल का? एफ २.८ च्या लेन्स इतक्या महाग का असतात आणि मला त्यांची खरोखर गरज आहे का, हेही कुणी समजावून सांगितले तर उपकार होतील.

धाविक

कारवीताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर नीट कळले की उरलेले प्रश्न बरेच सोपे होतात.

एफ क्रमांक म्हणजे फोकल लेंग्थला (लेन्सच्या नावातल्या मिलिमीटरच्या आकड्याला) अ‍ॅपर्चरच्या व्यासाने, म्हणजे समोरून लेन्समध्ये पाहताना प्रकाशाचे जे छिद्र दिसते त्याच्या व्यासाने, भागल्यावर येणारी संख्या. तुमची ७०-३०० ही लेन्स ३०० मिलिमीटरवर एफ ६.३ असते, म्हणजे तिथे छिद्राचा व्यास साधारण ४८ मिलिमीटर भरतो. ६०० मिलिमीटर एफ ६.३ म्हटले की तोच व्यास ९५ मिलिमीटर होतो. टॅमरॉनच्या आणि सिग्माच्या हलक्या (कंटेम्पररी) १५०-६०० लेन्सना ९५ मिलिमीटरचा फिल्टर लागतो तो यामुळेच. ६०० मिलिमीटर एफ ४ साठी हा आकडा १५० मिलिमीटरवर जातो. एवढ्या व्यासाची काच निर्दोष घडवणे, रंगांची किनार टाळण्यासाठी तीत विशेष काच वापरणे आणि हे सगळे वजन पेलणारा सांगाडा बनवणे, या सगळ्याची किंमत आपण मोजतो. थोडक्यात, मोठ्या लेन्समध्ये पैशाचा मोठा वाटा फोकल लेंग्थपेक्षा अ‍ॅपर्चरसाठी जातो. म्हणून एखादी लेन्स चांगली आहे का, हे विचारण्याआधी त्या विषयासाठी आपण ती कोणत्या अ‍ॅपर्चरवर वापरणार आहोत, हे विचारावे. गडावरून दिसणारे डोंगर तुम्ही एफ ८ वर टिपणार असाल, तर एफ २.८ साठी दिलेले पैसे त्या चित्रात कुठेही दिसणार नाहीत.

आता पक्ष्यांविषयी. भिगवणला हिवाळ्यात सूर्य चांगला वर आल्यावर एफ ५.६ वर आणि ४०० आयएसओला (आयएसओ म्हणजे सेन्सरची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) १/२००० सेकंदांचा वेग सहज मिळतो. उडणाऱ्या रोहित पक्ष्यांसाठी तो पुरेसा आहे. म्हणजे तिथे उणीव प्रकाशाची नसून पल्ल्याची आहे. या कामासाठी तुमच्या माउंटमध्ये माझी पहिली पसंती २०१५ साली आलेल्या निकॉन २००-५०० एफ ५.६ या लेन्सला आहे, कारण ती पाचशेवरही एफ ५.६ च राहते, डी५६०० मध्ये नसलेली फोकसची मोटर तिच्यात आहे आणि व्हीआर, म्हणजे हाताचा कंप थोपवणारी सोयही, उत्तम आहे. ३०० वरून ५०० वर गेल्याने पक्षी चौकटीत १.६७ पट मोठा दिसतो असे म्हटले की फरक थोडा वाटतो, परंतु क्षेत्रफळाच्या हिशेबाने तो जवळजवळ २.८ पट जागा व्यापतो. पिसांचा तपशील मिळणे न मिळणे यावरच ठरते. ही लेन्स २.२ मीटरपर्यंत जवळ फोकस करते, त्यामुळे चाळकेवाडीच्या पठारावर उन्हाळ्यात गळ्याचा रंगीत पंखा फुलवणारे सरडेही तिने छान टिपता येतील, आणि ते ठिकाण तुमच्या घरापासून दूर नाही.

वजन मात्र सुमारे २.३ किलो आहे. भिगवणच्या होडीत तिवईचा उपयोग होत नाही, कारण होडीच हलत असते. तिथे लेन्स हातात किंवा गुडघ्यावर टेकवून वापरावी लागते. सुप्याला मात्र गाडीतून उतरूच नये. गाडीला चिंकारा आणि धाविक पक्षी दोन्ही सरावलेले असतात, उभ्या माणसाला नसतात. कापडाच्या पिशवीत ज्वारी किंवा तांदूळ भरून ती खिडकीच्या काचेवर ठेवली आणि इंजिन बंद केले की त्याहून चांगला आधार मिळत नाही.

एक गोष्ट खरेदीपूर्वीच सांगून ठेवतो. माळरानावर ऊन तापले की जमिनीलगतची हवा थरथरू लागते आणि लांबच्या पक्ष्याचे चित्र मऊ येते. त्यावर कोणत्याही किमतीच्या लेन्सचा इलाज चालत नाही. लांब पल्ल्याची लेन्स ही जवळच्या पक्ष्याला मोठे करण्यासाठी घ्यावी. फार लांबच्या पक्ष्याला जवळ आणण्याची अपेक्षा तिच्याकडून ठेवली तर निराशा पदरी येते.

माउंटच्या शंकेबाबत माझे मत स्पष्ट आहे. एफ माउंटमध्ये लेन्सपासून सेन्सरपर्यंतचे अंतर ४६.५ मिलिमीटर आणि झेडमध्ये १६ मिलिमीटर असते, त्यामुळे मधल्या जागेत एफटीझेड अ‍ॅडॅप्टर बसवून एफच्या लेन्स झेड कॅमेऱ्यावर वापरता येतात. उलट दिशेने ते शक्य नाही. अंगची मोटर असलेल्या निकॉनच्या एएफ-एस आणि एएफ-पी लेन्स तिथे ऑटोफोकससह चालतात. लोक मिररलेसकडे वळत असल्यामुळे वापरलेल्या एफ लेन्स बाजारात भरपूर येत आहेत, आणि साठ हजारांत २००-५०० मिळाली तर ती वापरलेलीच मिळेल.

दवबिंदू

धाविक यांचे अ‍ॅपर्चरविषयीचे म्हणणे पटले. तरीही प्रश्नकर्तीने विषयांची यादी कासपासून सुरू केली आहे, म्हणून फुलांची बाजू मांडते. इथे तर मोठ्या अ‍ॅपर्चरची गरज आणखीच कमी असते.

सीतेच्या आसवांचे फूल साधारण सेंटिमीटरभराचे. तुमच्या सेन्सरची लांबी २३.५ आणि रुंदी १५.६ मिलिमीटर आहे, त्यामुळे एकास एक प्रमाण साधले, म्हणजे सेन्सरवरची प्रतिमा वस्तूइतकीच मोठी पडली, तर ते फूल चौकटीचा दोन तृतीयांश भाग उंचीत व्यापते. तुमची ७०-३०० लेन्स एकटी फार तर साडेचारास एकच्या जवळपास जाते. पण एकास एक प्रमाणात फोकसमध्ये राहणारी खोली इतकी कमी असते की एफ ११ वरही ती जेमतेम १ मिलिमीटर भरते. पाकळीचे टोक स्पष्ट ठेवायचे की परागकोश, एवढाच निर्णय आपल्या हाती उरतो. म्हणून मॅक्रो लेन्सच्या नावात दिसणारा एफ २.८ हा आकडा व्यक्तिचित्रांसाठी उपयोगी पडतो. सूक्ष्म चित्रांत तो जवळजवळ वापरलाच जात नाही. शिवाय एकास एकवर लेन्सपासून सेन्सरवर पोचणारा प्रकाश साधारण दोन स्टॉपने, म्हणजे चौथ्या हिश्शावर, घटतो, त्यामुळे एफ ११ च्याही पुढे गेल्यास विवर्तनाने, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने, तपशील मऊ होऊ लागतो.

माझा सल्ला असा की, लगेच मॅक्रो लेन्स घेऊ नका. रेनॉक्स कंपनीचे डीसीआर-१५० हे पुढे चिमट्यासारखे बसणारे जोडभिंग तुमच्या ७०-३०० च्या तोंडाला बसते. त्याची शक्ती ४.८ डायॉप्टर आहे, म्हणजे वस्तूपासून सुमारे २० सेंटिमीटरचे अंतर ठेवून काम करता येते आणि २०० मिलिमीटरवर जवळजवळ एकास एक, तर ३०० वर दीडपटीच्या जवळपास प्रमाण मिळते. किंमत मॅक्रो लेन्सच्या काही हिश्शाइतकीच आहे. एकाच मोसमात वापरून पाहिले तर तुम्हाला सूक्ष्म चित्रणाची खरी आवड आहे की वर्षातून दोन-चार आठवड्यांचीच हौस आहे, हे तुमचे तुम्हालाच कळेल.

ते आवडले आणि मग लेन्स घ्यायची झाली, तर ९० ते १०५ मिलिमीटरची घ्या. निकॉनची डीएक्स (तुमच्या कॅमेऱ्यासारख्या लहान सेन्सरसाठीची) ४० मिलिमीटरची मायक्रो लेन्स स्वस्त आणि धारदार आहे, परंतु एकास एकसाठी ती फुलाच्या इतकी जवळ न्यावी लागते की तिचीच सावली फुलावर पडते, आणि कासच्या पठारावर तेवढे जवळ जाण्यासाठी वाट सोडून आत शिरावे लागते. २०१२ साली पश्चिम घाटातील स्थळांबरोबर जागतिक वारसा यादीत गेलेल्या या पठारावर मातीचा थर अगदी पातळ आहे. आपण जिथे गुडघा टेकतो तिथे पुढच्या वर्षी उगवणारे बी असू शकते. लांब फोकल लेंग्थची मॅक्रो लेन्स वाटेवर बसून काम करू देते, आणि माझ्या दृष्टीने तिला जास्त पैसे देण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे.

एक सावधगिरी बाळगावी. टॅमरॉनची ९० मिलिमीटर एफ २.८ मॅक्रो वापरलेली पुष्कळ मिळते, पण निकॉनसाठीच्या तिच्या जुन्या आवृत्तीत मोटर नाही आणि डी५६०० च्या बॉडीतही ती नाही. मोटर असलेली आवृत्ती आहे का, हे कॅमेऱ्यावर लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. सूक्ष्म चित्रणात हाताने फोकस करणेच बरे, हे खरे. पण तीच लेन्स लग्नात वापरायची झाली तर ऑटोफोकस लागेलच.

आणि वारा. कासला प्रकाशापेक्षा वाऱ्याने अधिक चित्रे वाया जातात. ढगाळ सकाळी, वारा पडलेला असताना, १/५०० च्या आसपास वेग ठेवा आणि आयएसओ वाढवायला घाबरू नका.

अंतरपाट

मी लग्नांचे काम व्यवसाय म्हणून करतो, त्यामुळे माझे उत्तर वरच्या दोघांपेक्षा वेगळे आहे. साठ हजारांतला पहिला खर्च निकॉनच्या डीएक्स ३५ मिलिमीटर एफ १.८ या लेन्सवर व्हावा, असे मला ठामपणे वाटते. २०१९ नंतरच्या चकचकीत साहित्यापुढे २००९ सालची ही लेन्स कुणाला जुनाट वाटेल. परंतु तुमच्या सध्याच्या अडचणींपैकी सर्वांत कमी पैशांत पूर्ण सुटणारी अडचण हीच आहे.

हिशेब पाहा. तुमची १८-५५ लेन्स ३५ मिलिमीटरवर जितका प्रकाश घेते, त्याच्या सहापटीहून अधिक प्रकाश ही लेन्स एफ १.८ वर घेते. ज्या कार्यालयात तुम्ही आज ६४०० आयएसओवर दाणेदार चित्र काढता, तिथे १००० च्या आसपास काम भागेल. व्हीआरने हे साधत नाही, कारण व्हीआर आपल्या हाताचे कंप थोपवतो. अक्षता टाकणारा हात किंवा हसत मान वळवणारी नवरी तो थांबवू शकत नाही. या कॅमेऱ्यावर ३५ मिलिमीटरचा दृश्यकोन फुल फ्रेमवरच्या (मोठ्या, जुन्या फिल्मएवढ्या सेन्सरवरच्या) ५२ मिलिमीटरसारखा पडतो, म्हणजे बोहल्याच्या जवळ उभे राहून दोघांना कमरेपासून टिपायला तो नेमका आहे. बाजारात ५० मिलिमीटर एफ १.८ डी ही याहून स्वस्त लेन्स कुणी दाखवील. ती तुमच्या कॅमेऱ्यावर ऑटोफोकस करणार नाही, आणि अंतरपाट दूर होताना हाताने फोकस शोधत बसण्यास वेळ नसतो.

मानधनाच्या कामाविषयी स्पष्ट बोलतो. डी५६०० मध्ये मेमरी कार्डासाठी एकच खाच आहे. कार्ड बिघडले तर त्या कुटुंबाचा दिवस परत आणता येत नाही. म्हणून पैसे घेऊन काम करायचे असेल तर त्या दिवसापुरती दोन खाचांची दुसरी बॉडी, २४-७० एफ २.८ आणि ७०-२०० एफ २.८ या लेन्स भाड्याने घ्याव्यात आणि ते भाडे मानधनातच धरून सांगावे. पुणे-मुंबईत दिवसाच्या हिशेबाने असे साहित्य मिळते. लग्नात एफ २.८ चा पैसा खरोखर वसूल होतो, कारण तिथे तुम्ही दिवसभर त्याच अ‍ॅपर्चरवर असता. पण वर्षाकाठी दोन-तीन लग्नांसाठी ती लेन्स विकत घेणे हा चुकीचा व्यवहार आहे. वर्षभरात दिलेले भाडे लेन्सच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाला पोचले की खरेदीचा विचार सुरू करावा, हा मी माझ्यापुरता पाळलेला नियम आहे. वस्तू व सेवा कराची नोंदणी असेल तर बिलावर भरलेला कर परत मिळवता येतो, त्यामुळे व्यावसायिकासाठी नवी लेन्स आणि वापरलेली लेन्स यांतला फरक कमी होतो. हौशी छायाचित्रकाराला हा लाभ नसतो.

भिगवणसाठी लांब लेन्स अवश्य घ्या. माझा विरोध त्याला नाही. परंतु सगळे पैसे एकाच लेन्समध्ये घातले, तर वर्षातले आठ महिने ती कपाटात राहील, एवढेच सुचवतो.

खाडीकाठ

कपाटाचा उल्लेख झाला म्हणून लिहितो. आम्ही रत्नागिरी जिल्ह्यात राहतो आणि पावसाळ्यात आमच्याकडे लेन्सला बुरशी लागणे ही नेहमीची गोष्ट आहे. वापरलेली लेन्स घ्यायची असेल, तर किमतीआधी बुरशी पाहावी.

पद्धत सोपी आहे. दोन्ही झाकणे काढावीत, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे ठेवावे, एका टोकाकडून प्रखर विजेरीचा झोत तिरपा टाकावा आणि दुसऱ्या टोकाकडून आत पाहावे. धुळीचे ठिपके प्रत्येक जुन्या लेन्समध्ये असतात आणि त्यांनी चित्रावर काही परिणाम होत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू, किंवा कडेकडून आत पसरणारा धुरकट डाग दिसला, तर ती बुरशी समजावी आणि लेन्स कितीही स्वस्त असली तरी परत द्यावी. बुरशी वाढताना आम्ल सोडते, त्याने काचेवरचा लेप खरवडला जातो, आणि साफ केल्यावरही तो डाग जात नाही. मग माउंटजवळच्या स्क्रूंची डोकी पाहावीत. ती झिजलेली असतील तर लेन्स कुणीतरी उघडली आहे. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल नसावे. शेवटी विटांची सपाट भिंत समोरून, कॅमेरा भिंतीला समांतर ठेवून टिपावी आणि चारही कोपरे मोठे करून पाहावेत. एक कोपरा इतर तिघांपेक्षा ठळकपणे मऊ असेल तर आतली भिंगे सरकलेली आहेत, म्हणजे लेन्स कधीतरी पडलेली आहे.

मूळ बिल आणि त्यावरचा क्रमांक लेन्सवरच्या क्रमांकाशी जुळतो का, हे पाहायला विसरू नका. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजाराच्या परिसरात कॅमेऱ्यांची अनेक दुकाने आहेत. तिथे समोरासमोर, स्वतःच्या कॅमेऱ्यावर लावून तपासता येते. छायाचित्रे पाहून, घरबसल्या पैसे पाठवून वापरलेली लेन्स मागवू नये, हे माझे निक्षून सांगणे आहे. परदेशातून परस्पर आलेल्या नव्या लेन्स थोड्या स्वस्त मिळतात, पण त्यांना इथली हमी नसते, आणि व्हीआरसारखा भाग बिघडला की वाचवलेले पैसे एकाच दुरुस्तीत जातात.

साठवणुकीविषयी: आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवणारे ड्राय कॅबिनेट घेता आले तर उत्तम. तेवढा खर्च नको असेल तर रबरी कडा असलेला हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र पुरते. आर्द्रता फार खाली नेऊ नये, कारण लेन्समधले वंगण आणि रबर सुकते. कासहून धुक्यातून आल्यावर लेन्स बॅगेतच ठेवून देणे हे सर्वांत वाईट. बॅग ओल धरते आणि आतला अंधार बुरशीला पोषक ठरतो. तुमच्या साठ हजारांतले काही हजार या डब्यासाठी आणि सिलिका जेलसाठी राखून ठेवा. वापरलेल्या लेन्सची किंमत टिकते ती तिची काच स्वच्छ राहिली तरच, आणि पुढे तुम्ही झेड माउंटकडे वळाल तेव्हा विकणाऱ्याच्या जागी तुम्ही असाल.

कारवी (सातारा)

सर्वांचे मनापासून आभार. इतक्या तपशिलाने कुणी उत्तर देईल, अशी अपेक्षा नव्हती. दवबिंदूताईंनी वाटेवर बसून काम करण्याविषयी जे लिहिले ते विशेष महत्त्वाचे वाटले. पठाराजवळ राहणाऱ्यांनी तरी ते पाळलेच पाहिजे.

उत्तरे वाचल्यावर मी संगणकावरची माझी जुनी छायाचित्रे फोकल लेंग्थनुसार लावून पाहिली. पक्ष्यांची जवळजवळ सगळी चित्रे ३०० वरच आहेत आणि त्यांतली बहुतेक नंतर कापून मोठी केलेली आहेत. लग्नांतली चित्रे २८ ते ४० मिलिमीटरच्या दरम्यान सर्वाधिक आहेत. त्यामुळे निर्णय असा घेतला आहे की, ३५ मिलिमीटर एफ १.८ आणि रेनॉक्सचे जोडभिंग आत्ताच घ्यावे, २००-५०० हिवाळ्यात भिगवणला जाताना आधी भाड्याने घेऊन पाहावी, आणि वजन पेलवले तर उरलेल्या रकमेत थोडी भर घालून वापरलेली शोधावी. मानधनाची लग्ने घेतली तर अंतरपाट यांनी सांगितल्याप्रमाणे दुसरी बॉडी भाड्यानेच.

एक प्रश्न राहिला. गडांवरच्या चित्रांसाठी १०-२० मिलिमीटरची एएफ-पी लेन्स एका परिचितांकडून मिळू शकते. मोह होतो आहे. ती या यादीत कुठे बसवावी?

कातळकडा

कारवीताई, तुमचा निर्णय विचारपूर्वक झाला आहे. १०-२० मात्र या यादीच्या शेवटी ठेवा, असे मी म्हणेन.

ही लेन्स वाईट आहे म्हणून मी असे म्हणत नाही. ती अवघी २३० ग्रॅमची आहे, तिला व्हीआर आहे आणि गड चढताना तिचे ओझे होत नाही. प्रश्न दृश्याचा आहे. तुमची १८-५५ लेन्स १८ वर सुमारे ६६ अंशांचा आडवा पट्टा घेते, तर १० मिलिमीटर ९९ अंशांचा. राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून किंवा हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून आपल्याला जे भव्य वाटते ते ९९ अंशांत टिपले की मागचे डोंगर चित्रात बारीक रेघेएवढे उरतात आणि अर्धी चौकट आकाशाने व्यापते. अतिरुंद लेन्सला समोर, अगदी हातभर अंतरावर काहीतरी ठोस लागते: तटबंदीचा चिरा, पाण्याचे टाके, कड्याच्या काठावरचे गवत. ते शोधण्याची सवय लागेपर्यंत तिच्यातून आलेली चित्रे रिकामी वाटतात. कासला फुलांचा गालिचा समोर ठेवून मागे ढग घेणे हा तिचा उत्तम उपयोग आहे, आणि सांदण दरीसारख्या अरुंद जागेतही ती उपयोगी पडते.

सह्याद्रीचे वैशिष्ट्य असलेल्या एकामागे एक फिकट होत जाणाऱ्या रांगा टिपायला तुमच्याकडची ७०-३०० च खरी लेन्स आहे. पहाटे दऱ्यांत धुके असताना तिवईवर, १०० ते २०० मिलिमीटरच्या दरम्यान, एफ ८ वर काढून पाहा. या अ‍ॅपर्चरवर तुमच्या लेन्स आणि महागड्या लेन्स यांतला फरक मोठ्या छपाईतही सहज ओळखू येत नाही. खूप रुंद दृश्य हवेच असेल तर कॅमेरा उभा धरून, मॅन्युअल एक्स्पोजरवर, एकमेकांवर तिसरा हिस्सा येईल अशी पाच-सहा चित्रे काढून ती संगणकावर जोडावीत.

१०-२० ची खरी मर्यादा रात्री कळते. एप्रिल-मे महिन्यांत पावसाआधीच्या निरभ्र रात्री गडावरून आकाशगंगा टिपायची असेल, तर एफ ४.५ कमी पडतो. तिथे टोकिनाच्या ११-१६ एफ २.८ सारखी लेन्स अडीचपट प्रकाश देते. म्हणजे रुंद लेन्समध्येही पैसे अ‍ॅपर्चरला द्यायचे की नाही, हे तुम्ही रात्री गडावर थांबता की नाही यावरून ठरवा. टोकिना घ्यायची वेळ आली तर तिच्याही जुन्या आवृत्तीत मोटर नव्हती, हे ध्यानात असू द्या. ताऱ्यांसाठी मात्र हातानेच फोकस करावा लागतो, त्यामुळे तेवढ्यापुरते अडणार नाही.

धाविक

भाड्याने घेऊन पाहण्याचा कारवीताईंचा बेत योग्य आहे. त्यात एक तांत्रिक मुद्दा जोडतो, कारण तो तुमच्या कॅमेऱ्यापुरता महत्त्वाचा आहे. डी५६०० मध्ये प्रत्येक लेन्ससाठी फोकसची सूक्ष्म दुरुस्ती करण्याची सोय नाही. ती डी७५०० सारख्या वरच्या श्रेणीत मिळते. त्यामुळे एखादी २००-५०० दुसऱ्याच्या कॅमेऱ्यावर अचूक असूनही तुमच्या कॅमेऱ्यावर बोटभर पुढे किंवा मागे फोकस करू शकते. भाड्याची लेन्स चांगली निघाली म्हणजे विकत घेताना मिळणारी दुसरी प्रतही तशीच असेल, असे धरून चालू नका. विकत घेताना स्वतःचा कॅमेरा न्या, तिवईवर ५०० मिलिमीटर आणि एफ ५.६ ठेवा, सात-आठ मीटरवर छापील मजकुराचा कागद जमिनीवर तिरपा ठेवून मधल्या ओळीवर फोकस करा आणि तीच ओळ सर्वांत स्पष्ट येते का, ते पाहा. तेच चित्र लाइव्ह व्ह्यूमधूनही (मागच्या पडद्यावर पाहून) काढा. लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस थेट सेन्सरवरून ठरतो, त्यामुळे तिथे चित्र स्पष्ट आणि दर्शिकेतून मऊ आले, तर लेन्सची काच चांगली असून जुळणीत फरक आहे असे समजावे. अशी प्रत मिररलेस कॅमेऱ्यावर उत्तम चालेल, पण आज तुम्हाला उपयोगाची नाही. तेव्हा दुसरी प्रत मागावी.

होडीत बसताना लेन्सच्या खालच्या तिवईच्या पायाला पट्टा अडकवा आणि तो गळ्यातून घ्या. कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर २.३ किलोची लेन्स लोंबकळू दिली तर सगळा ताण बॉडीच्या माउंटवर येतो.